प्रशिक्षण सभागृहात नको, देवघेवीच्या टेबलावर हवं

ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या तंत्रज्ञान प्रशिक्षणाचा आपल्याकडे एक साचा ठरून गेला आहे. जिल्ह्याच्या गावी एखाद्या महाविद्यालयाचं सभागृह. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, डिजिटल युग आणि ग्रंथपाल अशा काहीतरी विषयावर बीजभाषण. चहा. मग कोणीतरी पडद्यावर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर उघडून दाखवतो आणि माउसचा बाण इतक्या झपाट्याने फिरतो, की मागच्या रांगांनी बघणं केव्हाच सोडून दिलेलं असतं. जेवणात वरण-बट्टी असली तर दिवस अगदीच वाया जात नाही. दुपारी कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक सत्र, कारण आता त्याशिवाय कार्यशाळा पुरी झाल्यासारखी वाटत नाही. प्रमाणपत्रं, सामूहिक फोटो, आणि मग पारोळा, साक्री, शहाद्याकडच्या एसट्या गाठायची धावपळ.

दुसऱ्या दिवशी तोच ग्रंथपाल आपल्या वाचनालयाचं कुलूप उघडतो. कोपऱ्यात कॉम्प्युटर आहे. त्यावर प्लॅस्टिकचं आवरण, आवरणावर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू अजून तसंच. चालू करावा तर की-बोर्डातून मराठी कशी काढायची इथपासून अडलेलं, आणि काल पडद्यावर दिसलेलं एकही चित्र या मशीनमध्ये नाही. धुळ्याकडच्या एका गावात एक ग्रंथपाल मला सरळ म्हणाले, "हाई मन्हं काम नही शे, भाऊ." माणूस कामचुकार मुळीच नव्हता. त्यांची दाखल नोंदवही मी पाहिली. एकाच शाईत, एकाच वळणात, खाडाखोड जवळजवळ नाही. किंमत, प्रकाशक, कोणाकडून भेट आली, पुस्तक बाद केलं तर कोणत्या ठरावाने, सगळं जागच्या जागी. कॉम्प्युटरवर करायचं ते याहून वेगळं काही नाही, फक्त माध्यम बदललंय, एवढं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगणारे कधी त्यांच्या टेबलापर्यंत पोचलेच नव्हते.

म्हणून माझं म्हणणं असं, की खानदेशातल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांना जिल्ह्याला बोलावून शिकवणं आता पुरे. शिकवणाऱ्याने त्यांच्या वाचनालयात जावं, त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच कपाटातल्या पुस्तकांवर शिकवावं, आणि पुन्हा पुन्हा जावं. सभागृहाचा खर्च एसटीच्या तिकिटावर आणि शिकवणाऱ्याच्या मानधनावर करावा.

यावर पहिला प्रश्न येतो तो शिकवायचं काय, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. ग्रंथालयातलं तंत्रज्ञान म्हटलं की बारकोड, आरएफआयडी, मोबाईल ॲप डोळ्यांसमोर येतं. मी लेखकाच्या नावापासून सुरुवात करीन.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत. त्यांची पुस्तकं नसलेलं वाचनालय आपल्याकडे शोधून सापडायचं नाही. आता तीच पुस्तकं कॉम्प्युटरवर शोधा. एका वाचनालयाच्या यादीत मला ती निरनिराळ्या जागी विखुरलेली दिसली: 'साने गुरुजी', 'साने गुरूजी', 'साने, पां. स.', 'पांडुरंग सदाशिव साने', आणि आडनाव आधी लिहायचं असतं असं कोणीतरी बजावल्यामुळे एका ठिकाणी चक्क 'गुरुजी, साने'. रु पहिला की दुसरा, एवढ्याने मशीनच्या लेखी दोन वेगळी माणसं होतात. बालकवी धरणगावचे. त्यांची नोंद 'ठोंबरे, त्र्यंबक बापूजी' अशी झाली असेल, तर 'बालकवी' असं टाकून शोधणाऱ्या नववीतल्या मुलीला मशीन सांगतं, नोंद नाही. पुस्तक तिच्या पाठीमागच्या कपाटात असतं. ना. धों. महानोरांच्या आद्याक्षरांत टिंबानंतर जागा सोडली की नाही, धोंवर अनुस्वार दिला की नाही, यावर त्यांचे कवितासंग्रह एकत्र दिसायचे की पांगायचे ते ठरतं.

याला कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आपोआप होणारा इलाज नाही. हे तालिकीकरणाचं, म्हणजे पुस्तकांची सूची करण्याचं, जुनं शास्त्र आहे: नावाचं एक रूप ठरवायचं, बाकीच्या रूपांवरून त्याकडे बोट दाखवायचं. कार्डांच्या पेटीत आपले जुने ग्रंथपाल हे करतच होते. 'बालकवी – पाहा ठोंबरे' असं पिवळं पडलेलं कार्ड अजून एखाद्या जुन्या वाचनालयात निघतं. कॉम्प्युटर आला आणि पेटी अडगळीत गेली, तिच्याबरोबर ही शिस्तही गेली. नोंदी करायला रोजंदारीवर एखादा मुलगा बसवला, त्याने मुखपृष्ठावर दिसलं तसं उतरवलं. माझ्या मते जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांनी मिळून नेहमीच्या मराठी लेखकांच्या प्रमाण नावांची एक यादी करावी आणि ती प्रत्येक वाचनालयाच्या मशीनमध्ये पहिल्या दिवशी टाकावी. याला कोणाची निविदा लागत नाही. जाणत्या ग्रंथपालांनी काही रविवार दिले की झालं.

दुसरी गोष्ट फॉन्टची. वीसेक वर्षांपूर्वी ज्या वाचनालयांनी हौसेने संगणकीकरण केलं, त्यांपैकी कितीतरी जणांनी नोंदी श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टांत केल्या. त्या काळी दुसरा मार्ग सोपा नव्हता, त्यांचा दोष नाही. पण त्या नोंदी पडद्यावर मराठी दिसल्या तरी मशीनच्या पोटात त्या रोमन अक्षरं आणि चिन्हांच्या रूपात बसलेल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की अगम्य रांगोळी दिसते. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मशीनला कळणाऱ्या रूपात, आणायला परिवर्तक मिळतात, मात्र परिवर्तन झाल्यावर जोडाक्षरं, 'ऱ्य', रफार हे एकेक नजरेखालून घालावं लागतं, आणि हे काम मराठी नीट वाचणारा माणूसच करू शकतो. म्हणजे पुन्हा तोच ग्रंथपाल. हे न शिकवता त्याला नवं सॉफ्टवेअर देणं म्हणजे विहिरीला पाणी नसताना ठिबकच्या नळ्या अंथरणं.

एक अप्रिय मतही सांगून टाकतो. 'ड' वर्गाच्या, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सर्वांत खालच्या वर्गातल्या, बहुतेक वाचनालयांना कोहाची गरज नाही. सॉफ्टवेअर म्हणून ते उत्तम आहे. त्याची जन्मकथा तर आपल्याला जवळची वाटावी अशी: न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या आडबाजूच्या भागातल्या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच कोलमडणार होती, म्हणून त्यांनी हे नवं करून घेतलं आणि सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. फुकट मिळतं, पण ते बसवायला आणि सांभाळायला लिनक्स ही संगणकप्रणाली जाणणारा कोणीतरी हाकेच्या अंतरावर लागतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ग्रंथालय या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती इंटरनेटवरून चालते. सांभाळायची कटकट नाही, पण धडगाव-मोलगीकडे रेंज गेली की देवघेवही बंद. दोन-चार हजार पुस्तकांच्या वाचनालयाला एक साधा एक्सेलचा तक्ता पुरतो. अट एकच, तो तक्ता शहाणपणाने केलेला असावा.

आणि तो शहाणपणा शिकवावा लागतो. दाखल अंक (पुस्तक नोंदवहीत चढवताना मिळालेला क्रमांक), ग्रंथकार, ग्रंथनाव, प्रकाशक, वर्ष, विषय, कपाट असे वेगळे स्तंभ. एका चौकटीत एकच माहिती. 'कादंबरी विभाग' असं मधल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत लिहून चौकटी जोडून टाकायच्या नाहीत, कारण मग क्रम लावता येत नाही. आयएसबीएनचा तेरा आकडी क्रमांक टाकला की एक्सेल तो आपल्या मनाने '९.७८ई+१२' असा करून दाखवतं, आणि बिचारा कर्मचारी घाबरून तो स्तंभच सोडून देतो. त्याला फक्त एवढं दाखवायचं, की तो स्तंभ आधी 'मजकूर' म्हणून ठरवून घे. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतोच, तेव्हा दाखल अंक हीच खरी ओळख. असा तक्ता उद्या थोडं रूपांतर करून कोहात किंवा ई-ग्रंथालयात ओतता येतो. उलट, एखाद्या खासगी विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेल्या नोंदी वार्षिक देखभालीचे पैसे थकले की बाहेर काढणं मुश्किल होऊन बसतं. मला एक वाचनालय माहीत आहे, त्यांच्या नोंदी आहेत पण दिसत नाहीत. विक्रेता फोन उचलत नाही. 'माझ्या नोंदी मला माझ्या पेन ड्राइव्हवर काढून दे' हे वाक्य खरेदीच्या वेळी म्हणायला शिकवणं, हेही तंत्रज्ञान प्रशिक्षणच.

या सगळ्याला एमएससीआयटी या संगणक साक्षरतेच्या परीक्षेचा दाखला पुरत नाही का, असं संचालक मंडळातले लोक विचारतात. नाही पुरत. त्यात पत्र लिहायला, तक्ता करायला शिकवतात, पण ग्रंथालयाचा तक्ता करायला नाही. जिल्हा ग्रंथालय संघांच्या प्रमाणपत्र वर्गांत दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयांना आकडे देण्याची पद्धत, शिकवतात, मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येतं हे मुलं पाठ करतात; आणि गावात आल्यावर पुस्तकं कथा, कादंबरी, नाटक, चरित्र अशीच लावतात, कारण वाचक तसंच मागतो. या दोन शिक्षणांना जोडणारा दुवा कोणाच्याच अभ्यासक्रमात बसत नाही. तो देवघेवीच्या टेबलावरच बसतो.

आता पैशांचं. हा विषय टाळून प्रशिक्षणावर बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. आपल्याकडचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. मद्रास प्रांतात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या खटपटीतून १९४८ मध्ये जो कायदा झाला, त्यात ग्रंथालय कर होता. आपल्या कायद्यात तो नाही. इथली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं खासगी संस्थांची, सरकार मान्यता देतं आणि 'अ', 'ब', 'क', 'ड' अशा वर्गांप्रमाणे अनुदान देतं. त्यामुळे कर्मचारी सरकारी नाही आणि पुरता खासगीही नाही. त्याला शिकवायची जबाबदारी नेमकी कोणाची, ते म्हणूनच ठरत नाही. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा 'ड' वर्गाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर आलं. त्यातला निम्मा वाटा पगाराचा धरला, तर महिन्याला २ हजार रुपये होतात. या रकमेत माणूस रोज वाचनालय उघडतो, झाडतो, वर्तमानपत्रं लावतो, देवघेव करतो, नोंदी ठेवतो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरच्या शेतातही जातो. त्याला जळगावला बोलावलं तर एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस, दोन्ही त्याच्याच खिशातून. अक्कलकुवा किंवा धडगावहून नंदुरबारला यायचं तर अख्खा दिवस मोडतो.

'आधी पगार द्या, मग प्रशिक्षणाचं बोला', असं कर्मचाऱ्यांच्या बैठकांत कोणीतरी हटकून म्हणतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तरी मी प्रशिक्षणाचा आग्रह सोडत नाही. पगाराचा प्रश्न मंत्रालयात सुटेल तेव्हा सुटेल; तोवर वाचनालयातल्या नोंदी उंदीर, वाळवी आणि बंद पडलेल्या हार्ड डिस्क यांच्या हवाली करता येत नाहीत. मात्र शिकण्याच्या तासांचे पैसे वेगळे द्यायला हवेत. शिकवणाऱ्याला मानधन आणि शिकणाऱ्याला चहा, हा हिशोब मला पटत नाही. जिथे एक्सेलचा तक्ता पुरा करायचा आहे, तिथे दर शंभर शुद्ध नोंदींमागे काही रक्कम ठरवावी आणि ती तपासूनच द्यावी. कर्मचाऱ्याच्या हातात पैसे पडतात, संस्थेच्या हातात यादी पडते.

'तरुण मुलं शिकतात आणि सोडून जातात' हा दुसरा आक्षेप. जातातच. एखादी मुलगी वाचनालयात सफाईने टाइप करायला लागली, की गावातल्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या केंद्रात तिला जास्त पैसे मिळतात. तिने का जाऊ नये? पण तिने केलेला तक्ता तिच्याबरोबर जात नाही. खरा धोका उलट बाजूला आहे, वर्षानुवर्षं टिकलेल्या माणसात. यावल-रावेरकडे अशी वाचनालयं आहेत जिथे वाचक म्हणतो, "ताई, ते नेमाडेंचं द्या ना, मागच्या वेळी बाहेर होतं ते," आणि ताई नोंदवही न उघडता उठतात, तिसऱ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातून पुस्तक काढतात, वर सांगतात की मधली चार पानं निसटलेली आहेत, जपून वाचा. कोणत्या वाचकाला कोणतं पुस्तक झेपेल, कोणाकडे पुस्तक महिनाभर अडकतं, सगळं डोक्यात. त्या निवृत्त झाल्या की वाचनालयाची अर्धी तालिका त्यांच्याबरोबर घरी जाते. त्यांना 'संगणक निरक्षर' म्हणून पहिल्या बाकावर बसवणारं प्रशिक्षण मुळातच चुकलेलं. शेजारी टाइप करणारं एक तरुण पोर बसवावं, ताईंनी सांगावं, पोराने टाकावं. दोघांचंही शिक्षण होतं, आणि कपाटाचा स्तंभ तर त्यांच्याखेरीज कोणीच भरू शकत नाही.

हे कौशल्य इथल्याच माणसांच्या हाती असण्याला आणखी एक कारण आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि १९२७ च्या जानेवारीत तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव हिंडून रामदासी बाडं, म्हणजे समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं, जमवली, ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. कागद गोळा करण्याची, तो जपण्याची हौस या मातीला आहे. पण मोठ्या संग्रहांकडे निदान अभ्यासकांचं लक्ष असतं. तालुक्याच्या वाचनालयात पडलेली साप्ताहिकांची बांधीव वर्षं, गावच्या शाळेची स्मरणिका, सहकारी संस्थेचे जुने अहवाल, अहिराणी ओव्यांचं कोणीतरी पदरमोड करून छापलेलं चाळीस पानी पुस्तक, हे दुसऱ्या कुठल्याही ग्रंथालयात असेलच असं नाही. त्याची नोंद इथे झाली नाही तर ती कुठेच होणार नाही. अहिराणीतली पुस्तकं आज बहुतेक याद्यांत 'मराठी – संकीर्ण' मध्ये गडप झालेली असतात. तक्त्यात भाषेचा एक स्तंभ वाढवला आणि तिथे अहिराणी, भिली, पावरी, लेवा गणबोली असं लिहायची सवय लावली, तर विद्यापीठातल्या संशोधकाला एका झटक्यात यादी मिळते.

स्कॅनिंगचंही तसंच. मोबाईलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणं म्हणजे स्कॅनिंग नव्हे. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं आणि अक्षरं पुसट होतात. पुस्तक किती उघडायचं म्हणजे शिवण तुटणार नाही, पानांना क्रमाने नावं कशी द्यायची, एक प्रत कुठे दुसरीकडे ठेवायची, आणि मुख्य म्हणजे काय स्कॅन करून लोकांना द्यायला कायद्याने मोकळीक आहे, हे शिकवायला हवं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांचं लेखन मोकळं आहे. हयात लेखकाचं पुस्तक मात्र गावच्या ग्रुपवर फिरवता येत नाही, मग ते कितीही चांगल्या हेतूने असो.

वाचकाच्या बाजूने बघितलं तर गरजा साध्याच निघतात. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांना भरतीची जाहिरात खरी की खोटी ते ओळखून हवं असतं, आजोबांना पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मदत लागते, कोणाला प्रकल्पासाठी विश्वकोशातली नोंद. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे, खरगपूरच्या आयआयटीने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे; हे दोन पत्ते पाठ असलेला ग्रंथपाल गावात मोठा माणूस ठरतो. ओटीपी कोणाला सांगायचा नाही हे त्याने चार जणांना समजावलं, तरी त्याच्या पगाराचं चीज झालं.

मग शिकवणार कोण? माझ्या डोळ्यांसमोर मोठी योजना नाही. तालुक्याच्या 'अ' किंवा 'ब' वर्गाच्या वाचनालयातला एक हुशार कर्मचारी निवडावा, त्याला आधी नीट तयार करावं, आणि आसपासची लहान वाचनालयं त्याच्याकडे सोपवावीत. महिन्यातून एकदा प्रत्येक ठिकाणी अर्धा दिवस. मधल्या काळात फोन आहेच. जळगावच्या विद्यापीठातले ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी त्याच्याबरोबर फिरले तर त्यांनाही खरं वाचनालय कसं असतं ते दिसेल. मे महिन्यात मात्र कोणाला कुठे पाठवू नये. पंचेचाळीस अंशांत भुसावळला पत्र्याखाली बसून कोणी काही शिकत नाही.

संचालक मंडळालाही एका दुपारी बसवायला हवं. कॉम्प्युटर कोणता घ्यायचा, इंटरनेटचं बिल भरायचं की नाही, हे निर्णय आप्पा, नाना आणि सचिव घेतात. कर्मचारी फक्त सही करतो. आणि वार्षिक तपासणीत आज दाखल नोंदवही, देवघेव, कीर्द, हजेरी पाहिली जाते, तिथे एक छोटी भर घालता येईल. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने कपाटांतून हाताला लागतील ती दहा पुस्तकं काढावीत आणि ती कॉम्प्युटरवर शोधून दाखवायला सांगावीत. न सापडलेल्यांचा खुलासा कर्मचाऱ्याकडे मागू नये. यंदा त्याच्या शिकण्यावर किती रुपये खर्च केले, ते अध्यक्षांना विचारावं आणि उत्तर तपासणी अहवालात लिहावं.